ढगावरची म्हैस आणि गेणूचा पाहुणचार

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात गेणू नावाचा भोळा गडी राहायचा. सांगितलेलं तो तंतोतंत ऐकायचा. एवढाच त्याचा दोष, आणि तेवढ्यासाठी अख्खा गाव त्याला हसायचा.

गेणू सगुणाकाकूंच्या हाताखाली होता. काकू जुन्या कॅलेंडरांतली चित्रं कातरायच्या आणि खळीने चिकटवून भलतंच चित्र उभं करायच्या. ढगावर बसलेली म्हैस. कोंबडीच्या पिसांचा कडा. शिंगांवर किल्ला तोलणारा बोकड. जिल्ह्याच्या प्रदर्शनात बक्षिसं मात्र दरवर्षी सूर्यास्तांना मिळायची आणि काकूंची म्हैस परत यायची. यंदा परीक्षक स्वतः घरी येऊन बघणार होते.

ते येणार त्या सकाळी काकूंनी चित्रासाठी शेवटच्या मेंढ्या कातरल्या. म्हणाल्या, "गेणू, या डोंगरावर ठेव."

गेणू डोंगर चढला. माथ्यावर मेंढ्या मांडल्या. वाऱ्याने त्या पलीकडच्या तालुक्यात नेल्या.

"अरे शहाण्या, नुसतं ठेवतात का? पाठीला खळ लावून दाबून चिकटवायचं!"

"बरं काकू."

मग शेजारचं वासरू अंगणात आलं. "गेणू, त्याला भिंतीकडे घे, मी आलेच."

गेणूने वासराला खळ फासली आणि भिंतीला दाबून धरलं. वासराने लाथ झाडली. गेणू खळीच्या पातेल्यात बसला.

"जिवंताला खळ लावतात? दाव्याने खांबाला बांधायचं, पुढ्यात गवत टाकायचं!"

"बरं काकू."

तेवढ्यात परीक्षक आले. घाट चढून दमले होते. ओसरीवर खांबाला टेकले आणि त्यांचा डोळा लागला.

"गेणू, साहेबांकडे बघ रे, मी चहा टाकते."

साहेब जागे झाले तेव्हा कमरेला दावं होतं आणि मांडीवर गवत.

"हा काय प्रकार आहे?"

"हिरवंच आहे साहेब. आत्ता कापलंय."

काकू धावत आल्या. दावं सोडलं, माफी मागितली आणि गेणूवर कडाडल्या, "दारी आलेल्याला बांधतात का रे? मोकळं राहू द्यायचं! आवडेल ते पुढ्यात ठेवायचं! मन भरेपर्यंत मध्ये पडायचं नाही!"

"बरं काकू."

साहेब तणतणत उठले. समोर भिंतीवर चित्र दिसलं आणि ते थबकले. जवळ गेले, लांब आले, परत जवळ गेले.

"बाई, ही म्हैस इतकी वर्षं होती कुठे?"

"तुमच्याच दारातून परत येत होती."

साहेबांनी घसा साफ केला. "यंदा पहिलं बक्षीस हिलाच. चहा घेऊ, मग चित्र गाडीत ठेवू."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघं आत गेले.

चहा घेऊन बाहेर आले तर भिंत मोकळी. चित्र जमिनीवर, त्यावर कुणाची तरी शेळी. खळीची चव तिला चांगलीच लागली होती. ढग संपला होता, कडा संपला होता, म्हशीचं शेपूट तेवढं शेळीच्या तोंडातून लोंबत होतं.

"गेण्या! हाकललं का नाहीस तिला?"

गेणूने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला काकू. साहेबांनी नुसतं बघितलं, खरं आवडलंय ते हिलाच. मीच काढून दिलं. दुसरं आहे का?"