मातीचा खुराक

"...सतरावं सरत आलं वस्ताद, तरी माझ्या कस्तुरीला पाळी का येत न्हाई?"

युवराजनं एकदाचं विचारून टाकलं आणि मान खाली घातली. असलं काही तालमीत बोलायचं नसतं, असं शिकवणारे हिंदुराव वस्तादच समोर बसले होते. पण लेकीच्या काळजीनं बायकोनं चार दिवस अबोला धरला होता. जायचं तरी कुठं?

वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून होते.

"डाक्टरीण काय म्हणाली?"

"रक्त, थायरॉईड, सोनोग्राफी... समदं चांगलं हाय."

"घरात कुणाला उशिरा आलीया?"

"कुणालाच न्हाई. तिची आई तर तेराव्यालाच शहाणी झाली."

"आणि काय म्हणाली?"

डॉक्टरीण आणखी बरंच म्हणाली होती. पोरीच्या अंगावर मांस नाही, मेहनत कमी करा, पोटभर खाऊ घाला, नाहीतर पुढं हाडं ठिसूळ होतील. ते आठवलं की युवराजला भ्या वाटायचं. पण परवावर पोरीची कुस्तीची निवड चाचणी आली होती. शेहेचाळीस किलोत बसायला कस्तुरी अजून अर्धा किलो जास्त भरत होती. आता डॉक्टरणीचं ऐकायचं म्हणजे हातातोंडाशी आलेला घास घालवायचा!

"तुमीच एखादं चाटण द्या," तो म्हणाला.

वस्तादांनी वाकून मूठभर लाल माती उचलली. नाकाशी नेली.

"झकास हाय. काय काय घातलंस?"

युवराजची छाती फुगली. ही माती म्हणजे त्याचा जीव की प्राण.

"दोन डबे तेल. शंभर लिटर ताक. लिंबं, हळद, कापूर... काय म्हणून कमी केलं न्हाई. मातीतच दम नसंल तर पैलवान कसा घडंल? तुमीच सांगायचा."

"पोरगी आज काय जेवली?"

"सकाळी... अर्धी काकडी."

"काल?"

"काल पाण्यावर हुती."

वस्तादांनी मूठ त्याच्या तळहातावर मोकळी केली. माती गार होती. तेलानं त्याची बोटं माखली.

बाहेर अंगणात कस्तुरी दोरीवरच्या उड्या मारत होती. भर उन्हात, अंगात जाड जॅकेट घालून. घाम गाळायचा म्हणून त्यानंच चढवायला लावलेलं. दोरीचा सपसप आवाज आत येत होता.

आवाज थांबला.

युवराज दाराकडं धावणार, एवढ्यात दोरी पुन्हा वाजली... पण सावकाश, अडखळत.

त्याला एकाएकी लेकीची भयंकर कीव आली. आणि स्वतःचा राग. तरीही तोंडातून निघालं ते हेच:

"पर परवा वजन हाय, वस्ताद..."

वस्ताद उठून दाराकडं निघाले.

"मग पोर शहाणी कवा व्हायची?" युवराजनं मागून विचारलं.

"तू झालास की."