डिलीट केलेला सल्ला

'गच्चीवरची बाग' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन केळुसकर सर म्हणजे स्वतःला झाडांचे डॉक्टर समजणारे गृहस्थ. पण हेमलता वाघचौरे ग्रुपवर आल्या आणि लोक त्यांनाच विचारू लागले. कढीपत्त्याला आंबट ताक घाला, असं बाई सांगायच्या आणि लोकांचा कढीपत्ता खरंच फुटायचा. सरांच्या पोटात दुखू लागलं. बाईंचा सल्ला आला रे आला, की ते डिलीट करत.

तरी ग्रुपच्या मेळाव्यात गर्दी बाईंभोवतीच. सरांना राहवेना. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "ग्रुपवर तुमचं अक्षर उरत नाही. मग माणसं तुमच्याकडे येतात कशी?"

"तुम्हीच पाठवता, सर," बाई म्हणाल्या. "एरवी एवढे मेसेज कोण वाचतंय? पण अ‍ॅडमिनने डिलीट केला असं दिसलं, की लगेच मला फोन येतात. तुम्हीही तुमचा एखादा मेसेज डिलीट करून बघा."

दुसऱ्या दिवशी सरांनी एक लांबलचक सल्ला टाकला, लगेच डिलीट केला आणि फोन हातात धरून बसले. संध्याकाळी एकच फोन आला, हेमलताबाईंचा.

"सर, कुणी विचारलं का?"