बेडीचे माप

एकदा एक व्यापारी बंदराच्या गावी उतरला आणि थेट लोहारआळीत आला. समुद्रापलीकडच्या एका राजाला गलबत भरून बेड्या हव्या होत्या. तिथल्या मिठागरांतले मजूर पोटापुरती मजुरी मागायला एकत्र जमले, म्हणून राजाने त्यांना बायकामुलांसकट कोंडले होते. ही हकीकत खलाशांकडून गावात आधीच पोचली होती आणि व्यापाऱ्यानेही ती नाकारली नाही. "राज्य राजाचं, मजूर राजाचे. आपण माल विकणारी माणसं," तो म्हणाला.

त्या गावी लोहारांची श्रेणी होती. श्रेणी म्हणजे त्या काळची कामगार संघटनाच म्हणा. कोणते काम घ्यायचे, कोणते नाही, हे सगळे मिळून ठरवीत. सभा भरली. काहींचे मत पडले की हे काम घेऊ नये आणि का घेत नाही, ते राजाला उघड कळवावे. बाकीचे हसले. लोखंड ठोकणाऱ्यांनी राजांना न्याय शिकवायचा म्हणजे फारच झाले! असे हसणे आजही सभांमधून ऐकू येते.

सर्वांत मोठ्याने बोलला तो श्रेणीच्या वृद्ध प्रमुखाचा शिष्य. त्याने नुकतीच स्वतःची भट्टी घातली होती, बाजार मंद होता आणि बायकोचे दिवस भरत आले होते. हे काम गेले तर भट्टी बंद करून पुन्हा दुसऱ्याच्या दारात घण मारायला जावे लागणार होते. "बाबा, इथं आपलंच आपल्याला पुरत नाही. सातासमुद्रापलीकडच्यांची काळजी आपण का वाहायची?" त्याने विचारले. मी त्याला दोष देणार नाही. पोटाची चिंता लागली की माणूस असाच बोलतो.

वृद्धाने वाद घातला नाही. "बरं, ठराव उद्याच्या सभेत करू. त्याआधी एक नमुना घडवून आण. पण अंदाजाने नको. कडं असो की वाळा, आपण माप घेतल्याशिवाय घडवत नाही. बेडीलाही माप घे."

"ज्यांना घालायच्या ते तर तिकडे आहेत. माप कुणाचं घेऊ?"

"इथल्या कुणाचंही घे. मनगट सगळीकडे सारखंच."

म्हातारा चेष्टा करतोय की खरेच सांगतोय, हे शिष्याला कळेना. सुती दोरा घेऊन तो निघाला. कुंभाराने हसत हात पुढे केला आणि कशासाठी हे कळताच मागे घेतला. कोळीण तर अंगावरच आली, "मेल्या, मागायला दुसरं काही सुचलं नाही का तुला?" तेल्याने दार लोटून घेतले. शिष्याला आता खरेच नवल वाटू लागले. साधा दोरा तो, पण बेडीच्या नावाने कुणी हाताला लागू देईना. मग त्याने ठरवले, ज्याला यात काहीच वावगे दिसत नाही, त्याच्याकडेच जावे.

"शेठजी, जरा मनगट द्या. नमुन्याला माप हवंय."

व्यापाऱ्याने दोन्ही हात चटकन उपरण्याखाली घेतले. "माझं? छे, भलतंच! दुसऱ्या कुणाचं तरी घे."

शिष्य घरी आला. "कसलं माप घेताय? माझं घ्या की," म्हणत बायकोने हात पुढे केला. त्या हाताला दोरा गुंडाळणे त्याला जमले नाही. कोंडलेल्यांत बायकाही आहेत, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा आठवले आणि त्याची त्याला लाज वाटली.

सकाळी तो रिकाम्या हाताने वृद्धापुढे उभा राहिला. "बाबा, गावात कुणी माप देईना. शेठजींनीसुद्धा दिलं नाही. म्हणाले, दुसऱ्या कुणाचं तरी घे."

"तो दुसरा कुणीतरी म्हणजेच मिठागरातला मजूर," वृद्ध म्हणाला. "त्याला कुणी विचारत नाही, एवढंच. विचारलं असतं तर त्यानेही हात मागेच घेतला असता."

"पण आपण बेड्या घडवल्या नाहीत म्हणून ते सुटतील का?"

"ते मला ठाऊक नाही. राजाकडे सैन्य आहे, खजिना आहे, पण बेडी त्याला घडवता येत नाही. त्याला लोहार लागतो, ती गलबतावर चढवायला हमाल लागतो, तिकडे न्यायला खलाशी लागतो. आणि त्या मजुरांनी केलं तरी काय? आपण जमतो तसे जमले. त्यांच्याविषयी आपणच गप्प बसलो, तर आपली सभा कोणत्या तोंडाने भरवायची?"

"पुढच्या बंदरातले लोहार घडवतील, बाबा."

"घडवतीलही. त्यांच्याशी अजून कुणी बोललेलं नाही."

त्या दिवशी काम नाकारण्याचा ठराव शिष्यानेच मांडला, सभेने तो मान्य केला आणि सभा संपताच तो तिथल्या लोहारांशी बोलायला पुढच्या बंदराची वाट चालू लागला. भट्टी टिकली नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलगी झाली तेव्हा तो दुसऱ्याच्या दारात घण मारत होता. तिथेच एके दिवशी एक खलाशी सांगत आला, की तो व्यापारी अजून लोहार शोधत गावोगाव हिंडतो आहे.

शिष्याने घण खाली ठेवला. "तो आता कोणत्या गावाकडे निघालाय?" त्याने विचारले.