काळविटाची पालखी

माळरानावर जनावरांच्या शर्यती भरत असत, तेव्हाची ही गोष्ट. वाऱ्या नावाच्या तरण्या काळविटाने शर्यत जिंकली आणि सिंहराजाने त्याला एक अख्खं हिरवंगार कुरण बक्षीस दिलं. वाऱ्या एका दिवसात श्रीमंत झाला. त्याने मखमली गादीची पालखी करवून घेतली आणि ती वाहायला चार गाढवं चाऱ्यावर ठेवली.

“अरे, तुला पालखी कशाला?” आईने विचारलं.

“आई, एवढा मोठा धावपटू पायी फिरला, तर चारचौघांत काय शोभा राहील?”

मग वाऱ्या पाणी प्यायलासुद्धा पालखीतून जाऊ लागला. गाढवं मात्र चढ-उतार तुडवून चांगली दणकट झाली.

पुढच्या वर्षी शर्यतीत वाऱ्याला मध्येच धाप लागली आणि त्याच्याच पालखीचं एक गाढव त्याच्या पुढे निघून गेलं. या वेळी कुरण गाढवाला मिळालं आणि चौघंही तिकडेच चरायला गेली. वाऱ्या मान खाली घालून, लंगडत घरी आला.

आईने विचारलं, “पाय दुखतात का रे?”

“फार दुखतात गं.”

“बरं झालं,” आई हसून म्हणाली, “म्हणजे अजून आहेत तर!”