एका पायाचे बुवा आणि बोटभर सरडा

“मग बाबा, शिष्य करणार की नाही?”

नीळकंठबुवांनी तिसऱ्यांदा विचारलं. तेही थरच्या वाळवंटात, उन्हाच्या तडाख्यात, एका पायावर उभं राहून. ‘हो’ ऐकल्याशिवाय दुसरा पाय टेकणार नाही, अशी प्रतिज्ञा! गोदाकाठी बारा दिवस असेच उभे होते म्हणे. तुम्हा-आम्हाला एसटीची वाट बघताना दोन पाय पुरत नाहीत.

नूरशा फकीर पाच-सहा पावलांवर, झोपडीच्या सावलीत, कांदा-भाकरी खात बसले होते.

“तो बघा,” त्यांनी बोट दाखवलं.

बुवांच्या पुढ्यात बोटभर सरडा. वाळूच्याच रंगाचा. शेपटी टेकून त्यानं पुढचा एक आणि मागचा एक पाय वर धरला होता. क्षणात ते खाली, दुसरे दोन वर.

“हे कसलं तप!” बुवा फिस्सकन हसले. “पाय बदलतो लेकाचा!”

“भाजतं त्याला.”

“मला नाही भाजत.”

भाजत होतं. टाचेचा पापड झाला होता. पण सांगतो कोण?

सरड्यानं जमीन उकरून पाहिली. खाली नुसते खडे. त्यानं तोंड वासलं, मान वळवली आणि तुरुतुरु धावत सुटला... तो थेट बुवांच्या सावलीत. पोट टेकलं, डोळे मिटले.

“चला, केलं शिष्य!” फकीर ओरडले. “या, पाणी प्या.”

बुवांचा पाय झटकन खाली आला. पाण्याकडे एक पाऊल पडलं. सावली सरकली. शेपटीवर ऊन आलं तशी सरड्यानं ती आत ओढून घेतली.

बुवा पाऊलभर मागे आले.

“काय झालं?”

“येतो... जरा हा...”

“अहो, शिष्य केलं म्हणतोय!”

“ऐकलं हो, बाबा! हळू बोला.”

बुवांनी उपरणं दोन्ही हातांनी पसरून धरलं. कधी हा पाय उचलत, कधी तो. अगदी त्या सरड्यासारखं!

...

फकीर तांब्या घेऊन उन्हात आले. त्यांनी तो बुवांच्या तोंडाला लावला. बुवा घटाघटा प्याले. मग कुजबुजले, “हा उठणार कधी?”

“ऊन उतरलं की.”

फकिरांनी जोडे काढले आणि शेजारी उभे राहिले.

“सरका जरा... मलाही शिकवा, उभं कसं राहायचं ते.”