धाकूची सांध

त्या दिवशी वारा मुळीच नव्हता. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, आभाळ उघडलं होतं, पण उकाडा असा की खाडीचं पाणी तेलासारखं जागच्या जागी पडून होतं. त्याला किती वर्षं झाली ते मला सांगता यायचं नाही. माझ्या आज्याच्या आज्यानंही हे म्हाताऱ्यांकडूनच ऐकलेलं. तर अशा पडल्या वाऱ्यात एक परदेशी जहाज आमच्या खारवेळच्या खाडीच्या तोंडाशी येऊन नांगरलं. ते गळत होतं.

गावात तेव्हा धाकू होता. होडीच्या दोन फळ्यांमध्ये जी सांध राहते, तिच्यात तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरायचा, हे त्याचं काम. त्यानं भरलेल्या सांधीतून पाणीच काय, पाण्याचा वाससुद्धा आत येत नसे, असं म्हणतात. त्याची बायको हिराय म्हणायची, "साऱ्या बंदराची गळती बुजवतो, आणि माझ्या चुलीवर पाणी टपकतंय." धाकू नुसता हसायचा. त्याचा एक नेम होता. अर्धी सांध सोडून उठायचं नाही.

जहाजवाल्यांनी त्याला बोलावलं. तळात मिठाच्या गोणी आहेत म्हणाले. धाकू खाली उतरला, ठोकू लागला, तर आडोशाच्या फळ्यांपलीकडून कुणीतरी कण्हलं. त्यानं फटीला डोळा लावला. आत माणसं होती. समुद्रापल्याड हबशांच्या मुलखातून धरून आणलेली, विकायला चाललेली. बाप्ये, बाया, लेकरं, सगळी लोखंडात. मेलेलं माणूस जित्याच्या बेडीला तसंच लटकलेलं.

एवढ्यात वारा सुटला. खाली होडीत थांबलेल्या सोबत्यानं हाक दिली, "धाकूदा, शिडं चढवली रे त्यांनी. ये लवकर." पण सांध अर्धीच झाली होती. ती तशी सोडली तर पहिलं पाणी या बांधलेल्यांच्याच नाकातोंडात जाणार. धाकू बसून राहिला. सांध भरून वर आला तेव्हा खारवेळचा डोंगर मागं पडला होता. त्यांना असा कारागीर हवाच होता. त्यांनी त्यालाही लोखंड घातलं आणि खाली ढकललं.

त्याच्या शेजारी, त्याच सळईला, फराजी नावाचा उंच माणूस बांधलेला होता. एकाची बोली दुसऱ्याला कळेना. धाकू बोट दाखवून एकेक शब्द सांगायचा. पाणी. हात. सांध. उठ. रोज वरून कुणीतरी यायचं आणि मेलेल्याला ओढत नेऊन पाण्यात टाकायचं. एका आईनं मेलेलं लेकरू सोडलं नाही, तर तिलाही टाकलं. त्या दिवशी धाकूनं फराजीचा हात धरून सांधीवर ठेवला आणि काय करायचं ते खुणांनी समजावलं. फराजीनं ते पुढं सांगितलं. बेडीबेडीनं ते सगळीकडं पोचलं.

मग ज्या बोटांनी कापूस भरला होता, त्याच बोटांनी धाकूनं तो उपसून काढला. पाणी धो धो आत आलं. जहाजवाले घाबरले. त्यांनी बेड्या सोडल्या, माणसांच्या हातात बादल्या दिल्या, आणि धाकूच्या हातात त्याचा लाकडी ठोकणा. खाली ठोके पडत होते, म्हणून वरचे निश्चिंत होते. पण धाकू कोऱ्या फळीवर ठोकत होता. माणसं बादल्या घेऊन वर चढत होती, एकेक करत सगळ्या जहाजावर पसरत होती. ती ठोक्याकडं कान लावून होती.

ठोका थांबला.

मग जे झालं ते सांगायला बरं नाही. बादल्या आणि बेड्या एका बाजूला, तलवारी आणि बंदुका दुसऱ्या बाजूला. समुद्र लाल झाला आणि तीन भरत्या लालच राहिला, असं म्हणतात. जितके उठले त्यांतले निम्मेही उरले नाहीत. पण जहाजवाला एकही उरला नाही.

आता पाणी कमरेला आलं होतं. धाकू पुन्हा सांध भरू लागला, पण त्याचा कापूस संपला. त्यानं धोतर फाडून कोंबलं, पागोटं कोंबलं. तरी हातभर सांध उघडी राहिली, तेव्हा पाठ लावून बसला आणि दोन्ही हातांनी आजूबाजूची लाकडं घट्ट धरली. फराजी त्याला वर ओढू लागला. धाकू म्हणाला, "अर्धी सांध सोडून उठायचं नाही. तुम्ही पाणी काढा."

वारा उलटा होता, पण उरलेल्या एका शिडात तो सुलटा भरला, असं म्हणतात. जहाज आपल्या पायांनी आल्यासारखं खारवेळच्या वाळूला लागलं. गावातली माणसं तळात उतरली. धाकू तसाच बसलेला, अंग लाकडासारखं झालेलं. मागची फळी कोरडी. चार गडी लागले, पण हात सुटेनात. हिरायनं हाक मारली, तरी सुटेनात.

फराजी आमच्यातच राहिला, धाकूच्या घराला घर लावून. पहिल्या पावसाआधी त्यानं हिरायचं छप्पर शाकारलं. त्याच्या लेकरानातवंडांची वरची वाडी आजही आहे. खारवेळमध्ये नवी होडी झाली की हातभर सांध रिकामी ठेवतात. वरच्या वाडीतला म्हातारा येतो, ती भरतो. मग सगळे ठोके थांबवतात, आणि तो फळीवर हात ठेवून धाकूचं नाव घेतो. जहाज वाळूला लागलं त्या दिवशी फराजी धाकूजवळ पाण्यात बसला होता, त्याच्या हातांवर हात ठेवून जे बोलला होता, आणि ते हात ज्यावर अलगद सुटले होते, तेच हा म्हातारा बोलतो:

"धाकू, सांध भरली. आता उठ."