पहिल्या पटावरची बरोबरी

गोष्ट फार जुनी नाही. एका शहरातल्या बुद्धिबळ लीगमध्ये एक वृद्ध गुरुजी पहिल्या पटावर खेळत आणि त्यांचा शिष्य दुसऱ्या पटावर. शेवटच्या फेरीत गुरुजींसमोर विरुद्ध संघाकडून त्यांचाच धाकटा भाऊ बसला होता. दोघेही लीगमधले मातब्बर खेळाडू. आईच्या आजारपणात कोणी किती केले, यावरून त्यांच्यात अबोला पडला होता. आई जाऊनही पुष्कळ वर्षे झाली, अबोला मात्र तसाच होता.

शिष्य आपला डाव जिंकून शेजारी येऊन उभा राहिला. गुरुजी जिंकले तर चषक त्यांच्या संघाचा. बरोबरी झाली तरी तो हातचा जाणार होता. आणि गुरुजी जिंकतच होते. त्यांचे प्यादे वजीर होण्याच्या बेतात होते, धाकट्याच्या घड्याळात वेळ उरला नव्हता. गुरुजींनी एक चाल केली, मान वर केली आणि हळूच विचारले, "बरोबरी?"

धाकट्याने पटाकडे पाहिले, मग थोरल्याकडे. "मान्य," म्हणाला. हात मिळवला, सही केली आणि निघून गेला.

परतताना शिष्याला राहवेना. "गुरुजी, आमच्या वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरवलंत. भावाची दया आली होती, तर तसं आधीच सांगायचं."

"दया कसली? त्याला हरवायला मला आवडलं असतं," गुरुजी म्हणाले. "तुम्हा सगळ्यांचा मी अपराधी आहे, ते कबूल. पण या खेळात जिंकायला बोलावं लागत नाही. हरणाराही राजा आडवा ठेवून उठू शकतो. दर वर्षी आम्ही तसेच उठलो, कधी तो, कधी मी. बरोबरी मात्र तोंडाने मागावी लागते, आणि समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. हरताना मागितली असती, तर डाव वाचवतोय असं त्याला वाटलं असतं. म्हणून आज मागितली."

शिष्य वरमला. "मग पुढे काही बोलला नाहीत?"

"नाही रे. पुढचं काही ठरवूनच गेलो नव्हतो."

दोघे थोडे अंतर चालले. मग गुरुजी थांबले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले.

"त्याचा आवाज ऐकलास ना? अगदी आमच्या वडिलांचा झालाय. कधी झाला, मला कळलंच नाही."

शिष्याने त्या चषकाचा विषय पुन्हा कधी काढला नाही.